एकशे तेरा पिशव्या माती

एकोणीसशे एकोणसाठ साली सरकारच्या असं ध्यानात आलं, की शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीविषयी काहीएक माहिती नाही. बापजाद्यांपासून ही माणसं त्याच मातीत नांगर घालत होती, तिच्यातून आलेलं खात होती आणि घराच्या भिंतींना तीच लिंपत होती; पण तिच्यात क्षार किती आणि चुना किती, याचा आकडा विचारला तर एकालाही सांगता येत नव्हता. अशा अज्ञानात ज्वारी पिकत होती, ही गोष्ट कचेरीला बरी वाटेना.

म्हणून परिपत्रक निघालं. प्रत्येक खातेदाराने आपल्या रानात पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत, प्रत्येक खड्ड्यातून घमेलंभर माती काढावी, सगळी एकत्र कालवावी, तिचे चार ढीग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, उरलेल्या दोनांचे पुन्हा चार करावेत, आणि असं करत करत शेवटी शेरभर उरेल ती माती सरकारी कापडी पिशवीत भरावी. पिशवीवर नाव, गाव, तालुका लिहावा. माती पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल आणि तिथून ज्याचा त्याला अहवाल मिळेल, म्हणजे मग त्याला आपण कशावर उभे आहोत ते कळेल.

पिंपळदरा हे गाव शिरूर तालुक्याच्या अगदी कडेला, भीमेच्या काठावर. नावेतून पलीकडे उतरलं की दौंड तालुका. बाजार मांडवगण फराट्याला, दोन कोसांवर. गावात खातेदार एकशे तेरा. मातीच्या बाबतीत मात्र देवाने तिथे हात आखडता घेतला होता. पूर्वेला सगळी चोपण, म्हणजे पावसात पायातली वहाण ठेवून घेणारी आणि उन्हाळ्यात अंगावर मिठाची पांढरी पापडी धरणारी. पश्चिमेला मुरमाड माळ. मधे थोडी काळी होती, पण हातभर खाली गेलं की चुनखडी. खरोखर चांगली म्हणावी अशी माती गावात एकाच जागी होती. नूरबी बागवान हिच्या घरामागच्या आठ गुंठ्यांत.

आणि तीही तिथली नव्हती. मुळात ते आठ गुंठे म्हणजे निव्वळ मुरूम. नूरबीचे सासरे मीरासाहेब यांनी पहिल्यांदा भीमेच्या पुरानंतर काठावर राहिलेला गाळ पाटीने वाहून तिथे टाकला. मग दर पुरानंतर टाकतच राहिले. त्यावर शेळ्यांच्या लेंड्या, चुलीतली राख, कडुनिंबाचा पाला. सासऱ्यांमागे नवरा बद्रुद्दीन, आणि तो गेल्यावर एकटी नूरबी. लग्न होऊन आल्यापासून बत्तीस वर्षं तिच्या डोक्यावरून ती माती आली होती. मुरमावर दीड हात थर चढला होता. त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी, मुळे व्हायचे, बांधाला मोगरा असायचा, आणि ते सगळं मांडवगणच्या बाजारात जायचं. या आठ गुंठ्यांवर नूरबीची चूल पेटत होती. दुसरं तिला काही नव्हतं.

मातीतलं मात्र तिला कळायचं. चिमूटभर माती घ्यायची, मुठीत दाबायची, हुंगायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. सरपंच हौसराव यांची माती जिभेला लावली की तिला तांब्याभर पाणी प्यावं लागे. "आप्पा, लई खारी हाय," ती सांगायची. "चर मारा, पाणी निघून जाऊ द्या, ताग पेरून गाडा. तीन वर्सांत गोड हुईल." हौसराव बरं म्हणायचे आणि विसरायचे. गावात बहुतेकांना तिने असं काही ना काही सांगितलं होतं. पण ते फुकट असल्यामुळे आणि त्यावर शिक्का नसल्यामुळे त्याला माहिती असं कुणी समजत नसे.

मारुतीच्या पारावर सभा भरली. ग्रामसेवक मल्हारी भाऊसाहेब हा नव्याने नेमलेला, सरळमार्गी आणि सुंदर अक्षराचा तरुण. त्याने परिपत्रक वाचून दाखवलं, पिशव्या वाटल्या आणि सांगितलं, की माती पुण्याला जाणार आहे आणि तिथले साहेब लोक ती काचेखाली ठेवून बघणार आहेत.

पिंपळदऱ्यात कुणी बघायला येणार म्हटलं की काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीला बघायला पाहुणे येणार असले की भिमाजीच्या गोठ्यातली खिलारी जोडी त्या दारात येऊन उभी राही. शाळेतल्या खुर्च्या येत, पोस्टातलं घड्याळ भिंतीवर चढे. आणि नूरबीचे कप. नूरबीचा भाऊ दौंडला रेल्वेत होता, त्याने आणलेले निळ्या फुलांचे सहा कप. तसे कप पंचक्रोशीत कुणाकडे नव्हते. ही काही लबाडी नव्हती, रिवाज होता. पाहुण्यांच्या गावीही हेच चालायचं, त्यामुळे कुणाचीच फसवणूक होत नसे.

हौसरावांच्या थोरलीला बघायला आले होते तेव्हा सहातला एक कप कान तुटून परत आला. हौसराव तेव्हा म्हणाले होते, की शिरूरला गेलो की पहिलं काम कपाचं. शिरूरला ते त्यानंतर पुष्कळदा गेले. नूरबीने वर्षभर वाट पाहिली, मग तुटलेला कान वांग्याच्या वाफ्यात पुरला आणि बिनकानाच्या कपात कोथिंबिरीचं बी ठेवायला सुरुवात केली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसराव रिकामं घमेलं आणि कुदळ घेऊन नूरबीच्या परसात आले.

"नूरबी, थोडी माती घेतो गं."

"कशाला आप्पा? तुळशीला?"

"पुण्याला."

नूरबीने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "हकिमाकडं जाताना कुणी शेजारणीची नाडी घेऊन जातं व्हय?"

"थट्टा नको करू. मी सरपंच हाय. माझी पांढरीफटक माती पुण्याच्या टेबलावर सांडली तर साहेब काय म्हनंल? गावच असलं दिसतंय, म्हनंल. आन् धाकटीला बघायला पाटसकडची मानसं यायचीत. त्यांच्या कानावर गेलं, हौसरावाचं रान चोपण हाय म्हून, तर सोयरीक ऱ्हाईल का?"

"मग तवा कप लागतील."

"लागतील की," हौसराव म्हणाले. "पाचच ऱ्हायलेत न्हवं?"

नूरबी बाजूला सरकली. माती मागायला दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हौसरावांनी परिपत्रक खिशातून काढलं आणि त्याबरहुकूम पाच ठिकाणी वीतभर खोल खणलं. दोन खड्डे मेथीत आले, एक मुळ्यांत, दोन वांग्यांत. नियम म्हणजे नियम, एकाच जागची माती घेतली तर नमुना खोटा ठरला असता.

दुपारी शेजारची झुंबरबाई घमेलं कमरेवर घेऊन आली. नूरबी म्हणाली, की अगं तुझी काळी बरी आहे की. झुंबरबाईने तोंड वाकडं केलं. "सरपंचाला दिलीस आन् मला न्हाई व्हय? मी गरीब म्हून?" हिला दिली म्हणून तिसरीला द्यावी लागली, तिसरीला दिली म्हणून तिच्या दिराला. तिसऱ्या दिवशी नूरबीच्या परसाबाहेर रांग लागली. मल्हारी भाऊसाहेब बांधावर मोगऱ्याशेजारी बसून पिशव्यांवर नावं घालत होता.

"भाऊसाहेब, तुमी बघताय न्हवं हे?" नूरबीने विचारलं.

"बघतोय मावशी. पण पिशवीवर नाव बरोबर आहे की नाही, एवढं माझ्याकडे आहे. आत काय आहे ते पुण्याचं खातं बघतं. त्यांच्या कामात मी लक्ष घातलेलं त्यांना आवडणार नाही."

एकशे बारा माणसं, प्रत्येकाचे पाच खड्डे. टाकून द्यायच्या ढिगांची गोष्ट आणखी वेगळी. परिपत्रकात माती टाकून द्यावी असं होतं; कुठे टाकावी असं नव्हतं. असली माती हातात आल्यावर उकिरड्यावर कोण टाकेल? ती पाटीतून घरोघर गेली आणि तुळशीवृंदावनात, मिरच्यांच्या आळ्यात, कुणाच्या लिंबाच्या बुंध्याशी नियमानुसार टाकण्यात आली. ज्यांची घरं लांब होती त्यांनी फेऱ्या वाचवायला बैलगाडी आणली, आणि गाडी भरेपर्यंत खणलं. शेवटी शेवटी आलेल्यांना खड्ड्यांमधे जागाच उरली नाही, तेव्हा त्यांनी खड्ड्यांतच खड्डे घेतले. नवव्या दिवशी कुदळ खणकन वाजली. खाली मीरासाहेबांच्या आधीचा मुरूम लागला होता.

दहाव्या दिवशी मल्हारी भाऊसाहेबाने यादी तपासली. एकच नाव राहिलं होतं.

"मावशी, तुमचा नमुना."

"माझी माती गेली की भाऊसाहेब. एकशे बारा नावांनी पुण्याला निघाली."

"ती त्यांची. तुमची तुमच्या जमिनीतून घ्यायची. आज जी असेल ती."

झुंबरबाईला वाईट वाटलं. ती म्हणाली, की माझ्या तुळशीत तुझीच आहे, त्यातली शेरभर घे. नूरबीने मान हलवली. तिला त्या पुण्याच्या काचेवर भरवसा होता. आपल्या जिभेला जे कळतं ते एवढ्या मोठ्या यंत्राला कळल्यावाचून राहणार नाही. एकशे बारा पिशव्या एकाच वाफ्यातल्या आहेत, हे तिथे पहिल्याच दिवशी उघडं पडेल आणि कुणीतरी विचारायला येईल, असं तिला वाटलं. "हाय ते हाय," ती म्हणाली. "मी माझीच नाडी दावनार." आणि तिने शेरभर मुरूम पिशवीत भरला. गावातला तेवढाच एक नमुना खरा होता.

पिशव्या नावेतून पलीकडे गेल्या आणि बैलगाडीने दौंड स्टेशनात पोचल्या. तिथल्या पार्सलबाबूने फॉर्म पुढे केला. माल नाशवंत की टिकाऊ, असा त्यात रकाना होता. मल्हारी भाऊसाहेबाने थोडा विचार करून सुंदर अक्षरात टिकाऊ असं लिहिलं.

अहवाल पुढचा पावसाळा उलटल्यावर आला. एकशे बारा अहवाल एकमेकांशी इतके जुळत होते, की प्रयोगशाळेत आनंदाचं वातावरण पसरलं. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर इतकी एकसारखी आणि इतकी उत्तम माती आजवर कुठे आढळली नव्हती. शंका कुणाला आली नाही, कारण तक्त्यात शंकेसाठी रकाना नव्हता. पिंपळदरा हे आदर्श मृदा ग्राम म्हणून जाहीर झालं. वेशीवर तशी पाटी लागली. हौसरावांचा फोटो निघाला आणि पाटसची सोयरीक पक्की झाली.

मग आदर्श गावाला लागू असलेले नियम लागू झाले. एवढ्या सुपीक जमिनीला खत घालणं म्हणजे राष्ट्राची हानी, म्हणून गावाचा सल्फेटचा कोटा बंद झाला. अशी माती वाहून जात नसते, म्हणून मंजूर झालेली बांधबंदिस्ती दुसऱ्या गावाला गेली. आणि ज्वारी-बाजरीत अशा जमिनीचा अपव्यय होतो, म्हणून सर्व खातेदारांनी फुलकोबी लावावी असा आदेश आला. हौसरावांनी चोपणात फुलकोबी लावली. ती सुपारीएवढी आली. कचेरीने तिची लघु फुलकोबी अशी नवी जात म्हणून नोंद केली आणि बियाणं मागवलं.

एकशे तेरावा अहवाल नूरबीचा होता. तो मल्हारी भाऊसाहेबाने तिला ओसरीवर बसून वाचून दाखवला. सदर जमीन शेतीस कायमची अपात्र आहे. मुरूम मात्र उत्तम प्रतीचा असून इमारतीच्या पायासाठी शिफारस करण्यात येते. त्याला दुसरा एक कागद जोडलेला होता. आदर्श मृदा ग्रामात माती मार्गदर्शन केंद्र असणं आवश्यक असल्यामुळे, आणि केंद्रासाठी चांगली जमीन वाया घालवणं बरोबर नसल्यामुळे, गावातली एकमेव निकामी जागा म्हणून नूरबीचे आठ गुंठे ताब्यात घेण्यात येत होते. हरकत असल्यास शिरूरच्या कचेरीत एक महिन्यात नोंदवावी.

वांग्याच्या वाफ्यात पुरलेला कान पहिल्याच दिवशी हौसरावांच्या घमेल्यातून गेला असणार, हे नूरबीच्या ध्यानात आलं होतं. तिने बिनकानाचा कप रुमालात गुंडाळला आणि एसटीने शिरूर गाठलं.

साहेब सभ्य होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. त्यांच्या टेबलावर काचेची मोठी बरणी होती, तीत काळसर तपकिरी माती, आणि वर चिठ्ठी: सरपंच हौसराव, पिंपळदरा, यांच्या शेतातील आदर्श माती.

"तुमची माती गेली, असं तुमचं म्हणणं आहे. मग गेली कुठे?" साहेबांनी अर्ज वाचून विचारलं.

"तुमच्या टेबलावर हाय साहेब."

साहेबांनी बरणीकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही, हे तिच्या नजरेस आणलं. नूरबी उठली. बरणीचं झाकण काढून तिने चिमूट घेतली, हुंगली, जिभेला लावली. तिचे डोळे भरून आले. बत्तीस वर्षांची राख आणि नदी तिच्या तोंडात होती. मग तिने बरणीत हात घातला, तळाशी चाचपलं आणि निळ्या फुलाचा कपाचा कान बाहेर काढून टेबलावर ठेवला. शेजारी रुमालातला कप ठेवला. कान कपाला असा बसला, की मधली रेघही दिसेना.

साहेबांनी दोन्ही वस्तू बारकाईने पाहिल्या. कान कपाला लावून पाहिला, काढून पाहिला. नूरबीला वाटलं, समजलं यांना.

"हे पुराणवस्तू खात्याकडे जातं," साहेब म्हणाले. "कपाचा कान हा मातीचा घटक नाही. आणि तो बाहेर काढता येणार नाही. नमुन्यात फेरफार होतो." त्यांनी कान उचलून परत बरणीत टाकला आणि झाकण लावलं.

"पर साहेब, येक बार जमिनीवर येऊन तरी बघा. आप्पाचं रान पांढरं हाय. डोळ्यानं दिसतंय."

"बाई, अहवाल सरकारी आहे. अहवालात आणि जमिनीत फरक आढळला तर चूक जमिनीची धरावी लागते. अहवाल तिघांनी तपासला आहे, जमीन कुणीही तपासलेली नाही." मग त्यांना तिची दया आली. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून एक वाट शोधून दिली. एकशे बारा खातेदारांनी आपण दिलेली माती आपली नव्हती, असं सहीनिशी लिहून दिलं, तर फेरविचार होऊ शकेल.

पुन्हा पारावर सभा भरली. नूरबीचं सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळे हळहळले. बाईवर अन्याय झाला, याविषयी गावात दुमत नव्हतं. कागद फिरला. झुंबरबाई म्हणाली, की सरपंचाने केली की मी लगेच करते. भिमाजी म्हणाला, की आधी बाकीच्यांची होऊ द्या, माझी कधीही आहे. कागद एकशे अकरा हातांतून जाऊन हौसरावांकडे आला तेव्हा हाताळून मळला होता, पण कोरा होता.

"सही एका घडीचं काम हाय," हौसराव म्हणाले. "पर वेशीवरली पाटी काढली तर पाटसला काय सांगू? पोरीच्या लग्नाची तारीख धरलीय. नूरबी, तूच सांग, तुझ्याबी गावाचीच इज्जत हाय का न्हाई?"

सभेने कागदाच्या मागच्या बाजूला एक ठराव केला. नूरबी बागवान हिने गावाच्या विकासासाठी आपली जमीन दिली, याबद्दल तिचं अभिनंदन. त्यावर मात्र एकशे बाराही सह्या आणि अंगठे पडले.

केंद्राची इमारत वर्षभरात उभी राहिली. पाया उत्तम लागला. नूरबीने पावसाळा संपल्यावर नदीवरून पुन्हा गाळ आणायला सुरुवात केली. वाफे नव्हते म्हणून रॉकेलचे जुने डबे कापून ओसरीवर मांडले. पहिल्या वर्षी अकरा डबे झाले.

उद्घाटनाला पुण्याहून मोठे साहेब आले. शिरूरचे साहेब बरणी घेऊन आले. फीत कापून झाली आणि मोठ्या साहेबांच्या हस्ते आंब्याचं कलम लावायचं ठरलं. खड्डा घ्यायला पहार मारली तर ठिणगी उडाली. कसाबसा ढोपरभर खड्डा झाला, पण त्यात घालायला माती कुठे होती? मोठे साहेब म्हणाले, की इथली ती प्रसिद्ध माती आणा ना थोडी.

सगळ्या गावाने नूरबीच्या ओसरीकडे पाहिलं. हौसराव लगबगीने तिथे गेले. "नूरबी, एक डबा दे. फोटोपुरता. लगीच आणून देतो."

"कपबी लगीच यायचा हुता, आप्पा."

"असं काय करती? साहेब खोळंबलेत."

"यावक्ती घरची न्या," नूरबी म्हणाली, आणि डब्यांपुढे पदर खोचून उभी राहिली.

माती मागायला आलेल्याला नाही म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ. हौसराव मागे वळले. मग त्यांनी रान गाठलं आणि उपरण्याखाली झाकलेली पाटी आणून साहेबांपुढे ठेवली. उपरणं काढलं. भर उन्हात पांढरी पापडी चमकली.

"ही कसली माती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

सगळे थांबले. बँडवाल्याने तोंडातली पिपाणी काढली. एक शब्द खरा बोलला असता, तर वेशीवरली पाटी, अहवाल, फुलकोबी सगळं तिथेच संपलं असतं आणि खत परत मिळालं असतं. हौसरावांनी गावाकडे पाहिलं, गावाने खाली पाहिलं.

"साहेब, ही नूरबीची हाय," हौसराव म्हणाले. "या आठ गुंठ्यातली. अहवालात लिहिलीय तशीच हाय बघा."

शिरूरच्या साहेबांनी अहवाल काढून ताडून पाहिला. त्यात अपात्र लिहिलं होतं, आणि समोरची माती अपात्र दिसत होती. मोठ्या साहेबांना समाधान वाटलं. कागदात आणि जमिनीत इतका मेळ त्यांनी क्वचित पाहिला होता. कलम त्याच मातीत लावलं, फोटो निघाला. आठव्या दिवशी ते वाळलं, आणि कारणाच्या रकान्यात नूरबीच्या जमिनीचा दोष अशी नोंद झाली.

मंडळी पांगल्यावर नूरबी मातीच्या पाटीजवळ आली. निम्मी माती उरली होती. "माझीच हाय म्हनता, तर मी नेते," ती म्हणाली. हौसराव बरं म्हणाले. तिने चिमूट जिभेला लावली आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायली. मग ती माती दोन डब्यांत भरली, डब्यांना खाली भोकं पाडली, पाणी घालून घालून खार धुऊन काढला, ताग पेरून गाडला, वर मूठमूठ गाळ आणि लेंड्या. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी उगवलं आणि पिवळं पडलं. तिसऱ्या वर्षी बिनकानाच्या कपातलं बी टाकलं, तर कोथिंबीर अशी आली की रस्त्यावरून वास यायचा.

त्याच वर्षी नवं परिपत्रक आलं. आदर्श मृदा ग्रामाची फेरतपासणी. हौसराव नव्या पिशवीसह नूरबीच्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला. पाटसच्या पाहुण्यांनंतर चारच कप आता उरले होते. त्यांची नजर त्या दोन डब्यांवर गेली.

"ही माती कुणाची गं? लई झाक हाय."

"तुमचीच हाय की, आप्पा. त्या पाटीतली. मी सांगत हुते तेवढंच केलंय."

हौसराव डब्याजवळ गेले. माती मुठीत घेऊन दाबली, हुंगली. पुष्कळ वेळ ते तसेच ओणवे होते. त्यांच्या रानात अठरा एकर अशी माती होऊ शकली असती, हे त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"माझीच ना? मग बेस झालं. शेरभर दे. यावक्ती खोटं बोलायचं पाप तरी न्हाई."

नूरबी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "देते. पर आधी कप."

हौसराव म्हणाले, की शिरूरला गेलो की पहिलं काम तेच.

ते साल जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शिरूरची कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा बरणी धुण्यासाठी तिच्यातली माती कुठल्यातरी ट्रकवर रिकामी केली म्हणतात. आता पुण्यात गच्चीवर बाग करायची, तर माती पोत्यातून येते. पोत्यावर उत्तम पोयटा असं छापलेलं असतं. ते वाचून आपण कुंडी भरतो. हात घालून कुणी बघत नाही, जिभेला लावण्याची तर गोष्टच सोडा. कुणाच्या घरामागे खड्डा पडला, हे पोत्यावर छापायची पद्धत नाही. तुमच्या घरीही असेल अशी एखादी कुंडी. गुलाब बघून शेजारीण कौतुक करत असेल, आणि तुम्हीही सांगत असाल, की आमची मातीच तशी आहे.

एकदा जरा खाली उकरून बघा. निळ्या फुलाचा कपाचा कान हाताला लागला, तर तो कुणाचा आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे. परत करायची घाई नाही. गावात कुणीच केलेली नाही.